स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रो: साडेपाच किलोमीटरसाठी साडेतीन हजार कोटी, पटतंय का?

लांबपल्ला (धागाकर्ता)

पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्ग २९ सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सुरू आहे. त्याच मार्गाचं पुढचं टोक म्हणजे स्वारगेट–कात्रज. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ ला याला मंजुरी दिली. लांबी ५.४६ किलोमीटर, सगळी जमिनीखाली. मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीन स्थानकं, खर्च २,९५४.५३ कोटी आणि काम पुरं करायची मुदत फेब्रुवारी २०२९. नंतर राज्य सरकारने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवली आणि कात्रजचं स्थानक दक्षिणेला सरकवलं. त्याचे सुमारे ६८३ कोटी वेगळे. बेरीज ३,६३८ कोटींच्या घरात जाते.

प्रकल्प अहवालातला अंदाज असा: २०२७ मध्ये रोज ९५ हजार प्रवासी, २०३७ मध्ये १ लाख ५८ हजार आणि २०५७ मध्ये १ लाख ९७ हजार.

एवढ्या पैशात पुण्याला काय मिळतंय आणि तेच कमी पैशात मिळालं असतं का, यावर आकडे घेऊन बोलूया. "मेट्रो हवीच" किंवा "मेट्रो नकोच" असे प्रतिसाद इतर धाग्यांवर भरपूर झालेत.

---

आकडेमोड

आधी शेजारच्या कामांशी तुलना. पिंपरी ते निगडी, ४.४१ किमी, उन्नत (खांबांवरून), ९१० कोटी: किलोमीटरला २०६ कोटी. वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली मिळून १२.७५ किमी, उन्नत, ३,६२६ कोटी: किलोमीटरला २८४. खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग मिळून ३१.६ किमी, उन्नत, ९,८५८ कोटी: किलोमीटरला ३१२. मूळ मंजुरी धरली तर स्वारगेट–कात्रज ५४१. मुंबईची मेट्रो ३ सुधारित ३७,२७६ कोटींना ३३.५ किमी, म्हणजे १,११३.

भुयारी काम म्हणून ५४१ महाग नाही. पण मूळ तीन स्थानकांच्या आराखड्यात दर १.८ किलोमीटरला एकच स्थानक होतं, आणि भुयारी मार्गात पैसा खातं ते स्थानक. बोगदा त्यामानाने स्वस्त. वाढीव ६८३ कोटींतून कात्रज सरकवण्याचा भाग वजा केला तरी एका स्थानकाला ३०० कोटींच्या आसपास पडतात. स्थानकं कमी ठेवली म्हणून सुरुवातीचा दर कमी दिसला, एवढंच.

आता खरी कसोटी. २०१७ च्या मेट्रो धोरणाने जुना ८ टक्के वित्तीय परताव्याचा निकष काढला आणि १४ टक्के आर्थिक परताव्याचा आणला. म्हणजे तिकिटातून पैसे सुटावेत अशी अपेक्षाच नाही. वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात, प्रदूषण यांची किंमत मिळून १४ टक्के व्हायला हवी. २,९५४ कोटींचे १४ टक्के म्हणजे वर्षाला ४१३ कोटी. रोज ९५ हजार धरले तर वर्षाला ३.४७ कोटी फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरीमागे समाजाचा ११९ रुपयांचा फायदा व्हायला हवा. रोज १ लाख ५८ हजार झाले की तोच आकडा ७२ वर येतो.

दुचाकी घरी ठेवून १० किलोमीटर मेट्रोने जाणाऱ्याचं काय वाचतं? पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज ४५ धरलं तर २३ रुपये. टायर, ऑइल, झीज मिळून १० रुपये. २० मिनिटं वाचली आणि तासाला १०० रुपये मोल धरलं तर ३३. एकूण ६६. बसमधून मेट्रोत आलेल्याचे फक्त ३३.

हा ढोबळ हिशेब आहे. चालवण्याचा खर्च यात धरलेला नाही, आणि रस्त्यावर उरलेल्यांना होणारा फायदाही धरलेला नाही. तरी निष्कर्ष सरळ आहे: पहिली दहा वर्षं हा मार्ग १४ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही, आणि २०३७ चा आकडा गाठला तरच काठावर येतो.

---

मांजऱ्या

उन्नत मार्गाशी तुलना करताना एक गोष्ट सुटते. स्वारगेटला रूळ आधीच जमिनीखाली वीस-पंचवीस मीटरवर आहेत. तिथून वर येऊन रस्त्याच्या १०–१२ मीटर वर जायचं म्हणजे ३५ मीटरची चढण. ३ टक्के चढ धरला तर १.२ किलोमीटर लागतात, आणि तेही जमीन सपाट असेल तर. सातारा रस्ता कात्रजकडे सतत चढतो. रुळाचा निम्मा चढ जमिनीशी बरोबरी करण्यातच जातो, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच किलोमीटर लागले असते. शिवाय स्थानकाच्या लांबीत रूळ जवळपास सपाट ठेवावे लागतात, म्हणजे चढ तेवढा तुटतो.

त्यातला सगळ्यात वाईट तुकडा रूळ जमिनीखाली ६ मीटरपासून जमिनीवर ६ मीटरपर्यंत येतो तो. सपाट जमिनीवरसुद्धा हा ४०० मीटरचा उघडा उतार होतो, दोन्ही बाजूंना भिंती आणि मधून रस्ता ओलांडायला जागा नाही. मार्केट यार्डाच्या ट्रक-टेम्पोंचा रस्ता तिथेच आडवा जातो. पुढे बीआरटीची (फक्त बससाठी राखीव) मार्गिका, धनकवडीचा उड्डाणपूल, कात्रज चौकातला उड्डाणपूल. त्यांच्याही वरून जायचं तर स्थानकं तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीवर गेली असती.

म्हणून निगडीचे २०६ कोटी इथे लागूच होत नाहीत. उन्नत मार्गाची खरी किंमत इथे बरीच जास्त आली असती, आणि वर भूसंपादन.

---

थांबा_नंबर_३

आकडेमोड यांनी तिसरा पर्याय मोजलाच नाही. याच रस्त्यावर डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, कात्रज–स्वारगेट–हडपसर.

१२ मीटरची वातानुकूलित ई-बस दीड कोटीच्या आसपास येते. २,९५४ कोटींत जवळजवळ दोन हजार बस. एवढ्या बस या एका रस्त्याला नकोतच, दीडशे पुरतात. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ७० माणसं, म्हणजे ताशी एका दिशेला ४,२००. थांब्यावर ओव्हरटेकची मार्गिका आणि दोन बस एकाच वेळी उभ्या राहतील एवढा फलाट दिला तर ८ ते १० हजार. २०२७ च्या ९५ हजारांसाठी हे पुरेसं आहे. (दिवसाच्या प्रवाशांपैकी १० टक्के गर्दीच्या तासाला आणि त्यातले दोन तृतीयांश एका दिशेला धरा, सव्वासहा हजारांच्या आसपास होतात.)

बीआरटी फसली ती बसमुळे नव्हे. मार्गिका सलग नव्हती, चौकात बसला सिग्नलची अग्रता नव्हती, खासगी वाहनं आत शिरत होती. आणि उड्डाणपूल आला की बसने वरून जायचं की खालून, हेच ठरत नव्हतं. या चारही गोष्टी दुरुस्त करायला शंभर-दोनशे कोटींपेक्षा जास्त लागत नाहीत.

---

रुळजोड

थांबा_नंबर_३, तुमचं ४,२०० पटतं, १० हजार पटत नाही. ओव्हरटेकची मार्गिका द्यायची तर थांब्यापाशी बससाठीच चार मार्गिका आणि फलाट मिळून १८–२० मीटर रुंदी जाते. धनकवडीच्या पुलाखाली ती कुठून काढणार?

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा स्वतंत्र मार्ग नाही, शेपूट आहे. निगडीपर्यंतचं काम झालं की निगडी–कात्रज २७ किलोमीटर एकाच गाडीत, न उतरता. कात्रजहून शिवाजीनगर, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून वनाज किंवा रामवाडी, थेट पिंपरी. बसने स्वारगेटला यायचं, उतरायचं, खाली जायचं, गाडीची वाट बघायची, यात १२–१५ मिनिटं जातात आणि माणूस दुचाकीच काढतो. गाडी बदलावी न लागणं हा फायदा आकडेमोड यांच्या २० मिनिटांत नीट धरलेला दिसत नाही.

खर्चाचीही एक बाजू कुणी काढली नाही. गाड्या. ५.५ किलोमीटर वाढले की एका बाजूला १० मिनिटं, दोन्ही बाजू आणि टोकाला उलटायचा वेळ धरून फेरी साधारण २२ मिनिटांनी वाढते. दर ६ मिनिटांना गाडी सोडायची तर चार गाड्या जास्त लागतात, म्हणजे १२ डबे. पहिल्या टप्प्यात १०२ डब्यांचा करार १,१२५ कोटींचा होता, डब्याला ११ कोटी. त्याच दराने १३२ कोटी. या गाड्या वेळेवर आल्या नाहीत तर आहे त्याच ३४ गाड्या लांब मार्गावर आणि निगडीवरही पसरतील आणि पिंपरीपासून सगळ्यांचीच वाट बघायची वेळ वाढेल. निम्म्या गाड्या स्वारगेटहून परत फिरवणं हा उपाय आहे, पण मग कात्रजला १२ मिनिटांना एक गाडी. दहा मिनिटांच्या प्रवासाला बारा मिनिटं थांबायला कुणी येणार नाही.

कात्रजला रात्री गाड्या उभ्या करायची सोय हवी, हेही तितकंच महत्त्वाचं. डेपो रेंजहिल्सला. सकाळची पहिली गाडी कात्रजहून सुटायची तर ती रात्री तिथेच हवी, नाहीतर पहाटे रिकामी आणावी लागते. स्थानकापलीकडे दोन गाड्यांच्या लांबीचे रूळ आत्ताच खोदून ठेवले तर स्वस्त पडतात. नंतर चालू मार्गावर ते जवळजवळ अशक्य असतं.

---

आकडेमोड

>> गाडी बदलावी न लागणं हा फायदा धरलेला दिसत नाही

मान्य. प्रवासी वाट बघण्याची आणि गाडी बदलण्याची मिनिटं चालत्या गाडीतल्या मिनिटांपेक्षा दीड-दोन पट जड मोजतात, हे वाहतूक नियोजनात सर्वमान्य आहे. १२ मिनिटांचा बदल टळला तर १८–२४ मिनिटं धरायला हवीत. म्हणजे बसमधून आलेल्याचे ३३ रुपये ६५–७० पर्यंत जातात. माझा निष्कर्ष मवाळ करतो: स्वारगेटच्या पुढे जाणारा प्रवासी असेल तर हिशेब जुळतो. फक्त कात्रज–स्वारगेट करणाऱ्याचा जुळत नाही, कारण त्याला २५ मीटर खाली-वर करायला दोन्ही टोकांना मिळून ६ मिनिटं लागतात आणि प्रवास १० मिनिटांचा.

म्हणून ९५ हजारांपैकी स्वारगेटच्या पुढे जाणारे किती, हा एक आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा आहे.

---

धनकवडीकर

वाढीव दोन स्थानकांवर टीका होतेय, पण माझ्या मते ६८३ कोटी हाच या प्रकल्पातला सगळ्यात योग्य खर्च आहे. पद्मावती ते कात्रज या पट्ट्यात बालाजीनगर, धनकवडी, भारती विद्यापीठ, म्हणजे मार्गावरची सगळ्यात दाट वस्ती आणि सगळ्यात जास्त विद्यार्थी. ती वगळून खालून गाडी न्यायची म्हणजे बोगद्याचे पैसे भरायचे आणि प्रवासी सोडायचे. माणूस स्थानकापर्यंत ५००–६०० मीटर चालतो, फार तर ८००. स्थानकांत १.८ किलोमीटर अंतर असेल तर मधला मोठा पट्टा हाताबाहेर जातो. पाच स्थानकांनी अंतर सव्वा किलोमीटरच्या आत येतं.

प्रवेशद्वारं मात्र कमी पडू देऊ नका. सातारा रस्ता ओलांडणं हेच इथे मोठं काम आहे. प्रत्येक स्थानकाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, स्थानकाच्या भुयारी बॉक्सच्या दोन्ही टोकांना, अशी किमान चार द्वारं हवीत. खर्च कापायची वेळ आली की पहिला घाला याच्यावर पडतो: "दोन आता, दोन नंतर". तेव्हा भिंतीत पाडता येईल असा भाग तरी ठेवायला लावा.

पैसे कुठून येणार, तर १ एप्रिल २०२२ पासून घर घेणारा प्रत्येक पुणेकर मुद्रांक शुल्काव्यतिरिक्त १ टक्का मेट्रो अधिभार भरतोच आहे. स्थानकापासून ५०० मीटरमध्ये ४ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या चौपट बांधकाम) मिळतो, त्याचं अधिमूल्य वेगळं. दोन जास्त स्थानकं म्हणजे अशी दोन जास्त वर्तुळं. पण बिबवेवाडी-धनकवडीत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास होताना पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आधी मोठ्या केल्या नाहीत तर हा पैसा महागात पडेल.

---

मांजऱ्या

बांधकामात काय होणार हे रहिवाशांनी आधी जाणून घ्यावं, म्हणून सविस्तर.

पुण्याखाली बेसॉल्ट आहे, पण एकजिनसी नाही. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मध्ये कुठेतरी दोन लाव्हाथरांमधला तांबडा थर, आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. निव्वळ काळ्या पाषाणात बोगदा खोदणारं यंत्र सावकाश चालतं, त्याच्या कापणाऱ्या चकत्या लवकर झिजतात, पण वरची जमीन हलत नाही. तांबडा थर ओला झाला की चिखल होतो. आणि धोका असतो यंत्राच्या तोंडाचा वरचा अर्धा मुरमात आणि खालचा पाषाणात असेल तेव्हा: खालचा कापला जाईपर्यंत वरचा ढासळत राहतो आणि रस्त्यावर खड्डा दिसतो. म्हणून बोगद्याच्या माथ्यावर किमान एका व्यासाइतका, म्हणजे ६–७ मीटर, चांगला खडक ठेवायचा असतो. स्थानकं खोल का, याचं उत्तर यातच आहे.

राडारोडा किती निघेल? खोदाईचा व्यास ६.६ मीटर धरला तर दोन बोगद्यांचे मिळून मीटरमागे ६८ घनमीटर. स्थानकं वगळून ४.५ किलोमीटरला ३ लाख घनमीटरच्या वर. पाच स्थानकांचे खड्डे, प्रत्येकी १८० × २२ × २० मीटर धरले तर जवळपास ४ लाख. एकूण ७ लाख, पण खडक फोडला की दीडपटीहून जास्त फुगतो, म्हणजे ११ लाखांच्या पुढे. १२ घनमीटरच्या डंपरच्या ९० हजारांवर खेपा. तीन वर्षांत ९०० दिवस धरले तर रोज १०० भरलेले डंपर बाहेर आणि १०० रिकामे आत. रात्रीच चालवले तरी सातारा रस्त्याला हे जाणवेल. खेपा कुठून कुठे, टाकायची जागा कुठली, हे कामाच्या आधी जाहीर व्हायला हवं.

सोसायट्यांसाठी: मार्गिकेच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींची कामाआधी तडे-पाहणी होते. फोटोसकट अहवालाची प्रत मागून घ्या, त्यावर तारीख आणि सही हवी. भिंतीवर झुकावमापक बसवला असेल तर त्याच्या इशारा आणि थांबा अशा दोन पातळ्या विचारा. बोअरवेल असेल, वापरात नसली आणि पार्किंगच्या फरशीखाली गाडली असली तरी, नोंद द्या. यंत्र अशा बोअरला भिडलं की दाबाखालचा फेस आणि चिखल त्या नळीतून वर येतो. आधी कळलं तर ती सिमेंटने भरून बंद करता येते. नोंद न दिलेल्या बोअरवेल हाच इथला सगळ्यात टाळता येण्याजोगा अपघात आहे.

---

लांबपल्ला

उपनगरात भुयारी मेट्रो न्यायचा वाद बाहेरही झालाय. टोरांटोने १७ डिसेंबर २०१७ ला शहराची हद्द ओलांडून व्हॉनपर्यंत ८.६ किमी, ६ स्थानकांचा मार्ग उघडला, खर्च सुमारे ३.२ अब्ज कॅनेडियन डॉलर. तिथला मोठा आक्षेप होता की शेवटच्या स्थानकाभोवती वस्तीच विरळ. कात्रजला उलट आहे: वस्ती आधी, मेट्रो नंतर. माद्रिदने २००३ मध्ये मेट्रोसुर ही ४०.५ किमीची, २८ स्थानकांची भुयारी रिंग दक्षिणेच्या उपनगरांत उघडली, आणि एकसारखी साधी स्थानकं ठेवून खर्च आटोक्यात ठेवला. पाचही स्थानकांना एकच आराखडा वापरला तर इथेही तेच होईल. दर्शनी भागावर पैसे घालू नयेत.

---

थांबा_नंबर_३

मेट्रो होणारच असेल तर बसचं काय, हे आजच ठरवा. १ जून २०२५ पासून पीएमपीचं (शहर बसचं) तिकीट ५ किमीपर्यंत १०, १० किमीपर्यंत २० रुपये. आंबेगावहून कात्रजला बसने १०, मेट्रोचे १५–२०, पुढे शहरात पुन्हा बसचे १०. पस्तीस-चाळीस एका बाजूला, म्हणजे जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी. ७० रुपयांचा बसचा दिवसभराचा पास यापेक्षा स्वस्त, कारण तो कितीही वेळा चालतो. बसचा पास मेट्रोत चालावा आणि फरक कार्डातून कापला जावा, नाहीतर कात्रजच्या पुढचा प्रवासी येणार नाही. आणि आकडेमोड यांच्या हिशेबाप्रमाणे सगळा फायदा स्वारगेटच्या पुढे जाणाऱ्या लांबच्या प्रवाशावरच अवलंबून आहे.

साताऱ्या-कोल्हापूरच्या एसटीलाही कात्रजला उतरण्याची जागा हवी. स्थानक दक्षिणेला सरकवण्याचा उपयोग तेव्हाच होईल.

---

आकडेमोड

+१. पहिल्या पाच वर्षांच्या प्रवासीसंख्येत यानेच सगळ्यात मोठा फरक पडेल, आणि याला सिमेंट लागत नाही.

---

धनकवडीकर

एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. हा मार्ग आंबिल ओढ्याच्या खोऱ्यातून जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला आलेल्या पुरात कात्रजपासून पद्मावती, सहकारनगर ते दांडेकर पुलापर्यंत काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. भुयारी स्थानकात पाणी शिरतं ते प्रवेशद्वारातून, लिफ्टच्या खड्ड्यातून आणि हवेच्या झरोक्यांतून. तिन्हींचा काठ त्या रात्रीच्या पाणीपातळीच्या किमान एक मीटर वर हवा. जिथे जागा नाही तिथे दाराला फळ्या सरकवायच्या खाचा आणि त्या फळ्या स्थानकातच ठेवलेल्या हव्यात. पंपांना दोन स्वतंत्र वीजजोड आणि जनरेटर, आणि जनरेटर तळमजल्यावर नको.

आणखी एक. कात्रज तलावातून शनिवारवाड्याला पाणी नेणारा नानासाहेब पेशव्यांच्या काळचा नळ याच पट्ट्यातून येतो, त्याचे उच्छ्वास (हवा सोडायचे मनोरे) अजून काही ठिकाणी दिसतात. २०१९ मध्ये स्वारगेटच्या खोदाईत पाण्याचा एक जुना बोगदा अचानक सापडला होताच. बोगदा खोल जाईल, त्याला अडचण नाही. पण स्थानकांची खोदाई वरून होते. खड्डा घ्यायच्या आधी पाचही जागी जमिनीवरून रडार फिरवून नळाची रेषा आखून घ्यावी.

---

मांजऱ्या

रडार काळ्या मातीत नीट चालत नाही, चिकणमाती लहरी शोषून घेते आणि दोन-तीन मीटरच्या खाली काही दिसत नाही. तिथे विद्युतरोध पाहणी करावी आणि संशयास्पद जागी हाताने चाचणी-खड्डे घ्यावेत, दीड मीटर रुंद, मुरूम लागेपर्यंत. एका स्थानकाला आठ-दहा पुरतात. जलवाहिन्या आणि वीजतारा हलवताना हे खड्डे घ्यावेच लागतात, तेव्हाच थोडे खोल घेतले तर वेगळा खर्च येत नाही.